नवमीच्या दिवशी पाट हलत न्हाय

वर्सातनं एक दिस मी जागची हलत न्हाय. खंडेनवमीचा. सकाळी भाऊ मला उचलून माजघराच्या भिंतीला टेकवून घोंगड्यावर बसवतोय आणि माझा चाकाचा पाट धुऊन मागाजवळ नेऊन ठेवतोय. तितं आधीच सगळं मांडलेलं आसतंय. धोटे, फणी, कात्री, कांड्या भरायचा रहाट. त्या रांगंत शेवटाला माझा पाट. सगळ्यास्नी हळद-कुंकू, झेंडूची माळ, एकेक लिंबू. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं देऊन-घेऊन हुईस्तोवर कुणी कशाला हात लावायचा न्हाय. माग गप्प, रहाट गप्प, आणि मीबी गप्प. माझं चालणं पूजंत आसतंय.

मी वडगावची, मागावाल्यांच्या घरातली. तीन वर्साची आसताना ताप आला. ताप उतरला आणि जाताना कमरंखालचं घेऊन गेला. मला त्यातलं काय आठवत न्हाय. चाललेलंबी आठवत न्हाय, त्यामुळं गेलं म्हणून रडायचं तरी कशाला. मी आठ वर्साची झाले तवा आप्पांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, मोडलेल्या मागाच्या लाकडाचा पाट केला, खाली चार बेअरिंगा बसवल्या आणि हातात धरायला दोन ठोकळे दिले. ठोकळ्यांनी जमीन मागं ढकलायची की पाट पुढं जातोय. सत्तर वर्सं तेवढंच करत आलेय.

पहिल्या नवमीला आप्पांनी पाट उचलून हत्यारात ठेवला तवा आई म्हणाली, “ती काय हत्यार हाय व्हय? पोरीचं चालणं हाय ते.”

आप्पा म्हणाले, “त्याच्यावर बसून ती दिसाला चार डझन कांड्या भरती. मग हत्यार न्हाय तर काय.”

आई म्हणाली, “एक दिस पोरगी बसून ऱ्हाईल.”

“ऱ्हाऊ दे की. मागबी बसतोय.”

तितं ते ठरलं. पुढं आप्पा गेले, आई गेली, पाट चार वेळा बदलला, पर नवमी काय बदलली न्हाय. मला त्या दिवसाचं कधी वाईट वाटलं न्हाय. माजघरात वर काचंचं एक कौल हाय. त्यातनं उन्हाचा एक तुकडा खाली पडतोय. सकाळी त्यो उंबऱ्यावर आसतोय, मग हळूहळू जमिनीवरनं माझ्याकडं येतोय, दुपारी माझ्या मांडीवर चढतोय, आणि तिसऱ्या प्रहरी भिंतीवर जाऊन नाहीसा हुतोय. एरवी माझं मी फिरत आसते म्हणून कळत न्हाय, पर त्या दिवशी सगळं घर माझ्याभवतीनं चालतंय. गल्लीत एकबी माग वाजत न्हाय. वडगावात त्या दिवशी कान दुखत्यात, इतकं गप्प आसतंय. त्या गप्पपणात मला अर्धी झोप लागायची, अर्धी जाग आसायची. भांडं कुठलं वाजलं, पाऊल कुणाचं पडलं, सगळं कळायचं, पर लई लांबनं आल्यागत.

माझी धाकटी बहीण त्या दिवशी माझ्याजवळ बसायची. खेळायला जा म्हटलं तरी जायची न्हाय. माझ्यापेक्षा चार वर्सांनी ल्हान. मला पाणी द्यायची, परड्यात पाठंवरनं न्यायची, येताना गल्लीतल्या बातम्या आणायची. बोलत बोलत माझ्याच मांडीवर झोपायची आणि माझ्या पायात तर जीव न्हाय, त्यामुळं मुंग्या आल्या का न्हाय तेबी कळायचं न्हाय.

तिला निपाणीला दिली. तंबाखूच्या वखारीत काम करणारी माणसं. वऱ्हाड टेंपोतनं जायचं हुतं. सगळी चढली, आणि पाट ठेवायला जागा उरली न्हाय. मला कुणी नको म्हटलं न्हाय. टेंपोच भरला. मीच म्हटलं, जावा तुम्ही, घर राखायला कोणतरी पायजे. टेंपो गल्लीच्या तोंडाला वळला तवर ती मागं बघत हुती.

त्यानंतर निपाणी मी कधीच बघितली न्हाय. लोक म्हणत्यात हितनं एवढी जवळ. पर एसटीच्या तीन पायऱ्या हाईत, आणि कंडक्टरला घाई आसती. एकदा स्टँडवर बसून ऱ्हायले, तीन गाड्या गेल्या, चौथ्या गाडीला मी भावाला म्हटलं, चल घरी. तीच यायची वर्साला, नागपंचमीला. तिच्या घराचा उंबरा केवढा, चूल कुटं, परडं कसं, सगळं मला तोंडपाठ, तिच्याच तोंडनं ऐकलेलं. पुढं तिचा नवरा वारला आणि लेक नोकरीला हैदराबादला गेला, त्येनं तिला तिकडं नेली. मग पंचमीबी सुटली. फोन तेवढा ऱ्हायला.

गेल्या भादव्यात त्यो फोनबी बंद झाला. तिचा लेक, माझा भाचा, त्येच्या फोनवरनं सांगू लागला की तिच्या उजव्या अंगावरनं वारं गेलंय. हात, पाय, जीभ. जीव वाचलाय. घरी आणलीया.

“बोलती का?” मी म्हटलं.

“बोलाय येतंय थोडं, डॉक्टर म्हणत्यात. पर बोलत न्हाय. भिंतीकडं त्वांड करून पडलीया. मावशी, चाकाची खुर्ची आणून ठेवली, चांगली, नवी. तिच्याकडं बघत न्हाय. बसवायला गेलं की अंग टाकून देती. डॉक्टर म्हणाले, आता बसायला लागल्या न्हाईत तर पुढं बसायच्याच न्हाईत.”

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. त्यो म्हणाला, “तू ये मावशी. तुझं तरी ऐकंल.”

“मी कशी येऊ?”

“विमानानं. सांब्र्याच्या विमानतळावरनं बसायचं, तासा-सव्वा तासात हैदराबाद. मी आईला सोडून येऊ शकत न्हाय, पर तितं माणसं आसत्यात, खुर्चीवरनं नेत्यात, आत बसवत्यात. हितं मी उभा आसतोय.”

आमच्या घरात त्यावर दोन दिस बोलणं चाललं. भाऊ म्हणाला, आक्का, तू निपाणीला गेली न्हाईस आणि एकदम आभाळातनं जाणार. भावजय म्हणाली, जाऊ द्या वन्सं, आमी तरी कुटं बसलोय विमानात, तुमी बसून येऊन सांगा. मग भाच्यानं तिकिटाचा दिस सांगितला आणि भाऊ कॅलेंडर बघून आला. नवमी हुती.

भाच्याचं काय चुकलं न्हाय. त्येला सुट्टी तवाच. त्येच्या घरी माग कधी नव्हता, त्येच्या डोक्यात नवमी म्हंजे दसऱ्याच्या आदला दिस, एवढंच.

भाऊ म्हणाला, “दिस बदलून घे म्हणू का?”

मी म्हटलं, “नको. ती भिंतीकडं त्वांड करून पडलीया.”

“मग पाट?”

“पाट पूजंत बसू दे. पूजा हुईल आणि त्यो तसाच येईल माझ्याबरोबर. मी त्याच्यावर बसणार न्हाय.”

“पूजा केलेलं हलवतंय का कुणी?”

“वापरायचा न्हाय एवढंच आप्पा म्हणायचे. हलवायचा न्हाय म्हटलं नव्हतं.”

खरं म्हंजे आप्पा दोन्ही म्हणायचे. पर भाऊ तवा ल्हान हुता.

नवमीला सकाळी पूजा झाली. पाटाला पाच बोटं कुंकवाची, झेंडूची माळ, वर लिंबू दोऱ्यानं बांधलेलं. भावजयीनं धुतलेल्या फडक्यात त्यो बांधला, जरा उघडा ठेवून, माळ चुरगळू नये म्हणून. भावानं मला उचलून रिक्षात ठेवलं. सांब्र्याच्या रस्त्याला बघावं तिकडं गाड्या नटलेल्या. बसंला केळीचे खांब, ट्रॅक्टरला झेंडू, रस्त्यावर फोडलेले कोहळे, लालभडक कुंकू लावलेले. जेसीबीला तर एवढी मोठी माळ घातलेली की बैलाच्या गळ्यातली वाटावी. मी रिक्षातनं सगळं बघत हुते. लोकास्नी वाटंल मला भ्या वाटलं आसंल. भ्या नव्हतं. नवमीला मला तशीच गुंगी आसती. घर सोडून बाहेर आले तरी त्या दिवसाची गुंगी माझ्याबरोबर आली.

विमानतळाच्या दारात एक पोरगी खुर्ची घेऊन उभी हुती, तिच्या कामाचा निळा डगला घातलेली. खुर्चीच्या दोन्ही चाकांना कुंकू, हँडलला झेंडूचं फूल अडकवलेलं. मी खुर्चीकडं बघितलं आणि म्हटलं, “हिची पूजा झालीया. मी कशी बसू?”

ती हसली. “आजी, आमी पूजा करूनच चालवतोय. सकाळी लिंबावरनं फिरवली.”

“आमच्यात माग हाय. पूजंतलं वापरायचं नस्तंय बाई.”

“ते तुमच्या मागाचं, आजी. हत्याराचं. आमच्या घरी विळं-कुऱ्हाडी तसंच ठेवत्यात दोन दिस. मी जांबोटीकडची. पर गाडी म्हंजे वाहन. वाहनाची पूजा करायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि चालवायचं. न चालवून कसं? आज बसगाड्या बंद ठेवल्या तर माणसं जाणार कशी?”

भाऊ पाटाचं गाठोडं घेऊन उभा हुता. पोरीनं फडकं जरासं बाजूला करून बघितलं आणि म्हणाली, “आणि ह्यो तुमचा पाट? ह्येबी वाहनच की. चार चाकं हाईत. लिंबावरनं फिरवा आणि बसा.”

भाऊ माझ्याकडं बघू लागला. सत्तर वर्सं त्यो पाट हत्यारात हुता. एका सकाळी कुणीतरी येऊन त्येला वाहन म्हणती. आणि ती खोटं बोलत नव्हती, चाकं चारच हुती. पर आप्पांनी एकदा हत्यारात ठेवलाय, मी त्येला बाहेर काढणारी कोण. मी म्हटलं, “तुझी खुर्ची वाहन, त्यात मी बसते. माझा पाट हत्यार, त्यो बसून येऊ दे.”

“बरं,” ती म्हणाली, “दोघंबी येताय एकूण.”

भावानं मला त्या खुर्चीत ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी चाकाच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची म्हंजे आजाऱ्याची, असं मी आजवर म्हणत आलते. दवाखान्यात दिली तरी नको म्हणायची, पाटावरनंच जायची. पाटावर मी माझे पाय अंगाखाली दुमडून घेते, ते कधी दिसत न्हाईत. त्या पोरीनं ते सोडवून पुढं खाली पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवले, एका शेजारी एक. मी त्यांच्याकडं बघत बसले. बारीक, पांढरे, वापर नसलेले. अंगठ्याजवळचं बोट दुसऱ्यावर चढलेलं, आईचं तसंच हुतं. माझ्या पायाची बोटं आईवर गेलीत हे मला त्या दिवशी कळलं.

आणि उंची. माझं सगळं आयुष्य जमिनीपासनं टीचभर वर गेलंय. मी माणसं पायांवरनं वळखते. कुणाच्या टाचंला भेगा, कुणाची चप्पल एका बाजूला झिजलेली. टेबलं मला खालनं ठाऊक. खुर्चीत बसल्यावर समोर लोकांचे पट्टे, हात, पिशव्या, पोटं. माणसं एकदम मधनं सुरू झाल्यागत वाटली. आणि मागनं कोणतरी ढकलतंय, त्येचं त्वांड दिसत न्हाय. खुर्ची सुरू झाली तशी माझी दोन्ही मनगटं आपोआप मागं गेली, जमीन ढकलायला. जमीन नव्हतीच तितं. हात हवेत फिरून परत मांडीवर आले. दोनदा-तीनदा तसंच झालं. मग मी ते एकमेकांत धरून ठेवले.

भाऊ दारातच मागं ऱ्हायला. आत तपासणीच्या जागी खाकीतला एक माणूस हुता. पाट त्या काळ्या पट्ट्यावरनं पेटीत गेला आणि पलीकडं आला. त्येनं फडकं सोडलं. कुंकू, माळ, लिंबू. “इदु येनु अज्जी?” त्यो कानडीत म्हणाला. हे काय म्हणून.

“नन्न कालू,” मी म्हटलं. माझे पाय.

त्येनं माझ्या खुर्चीतल्या पायाकडं बघितलं, पाटाकडं बघितलं. मग त्येनं चाकं फिरवून बघितली, ठोकळे हातात घेऊन बघितले. माळंला हात लावताना जरा थांबला, आणि बोटाच्या टोकानं ती बाजूला करून खाली बघितलं. परत तशीच नीट बसवली. फडक्याची गाठ त्येला माझ्यापेक्षा चांगली मारता आली. त्येच्या टेबलालाबी झेंडू बांधलेला हुता.

पाट विमानात खाली सामानात जाणार म्हणाले. त्येला एक कागदाची पट्टी चिकटवली आणि नेला. त्यो गेल्यावर मला लई हलकं आणि लई उघडं वाटलं. आजवर त्यो माझ्यापासनं एवढ्या लांब कधी गेला नव्हता. ह्या पोरीनं मला हितंच सोडलं तर मी जितं हाय तितं ऱ्हाणार, एवढं मला कळत हुतं. ते काय नवीन न्हाय, टेंपो गेला तवाबी तसंच हुतं. पोरगी गेली न्हाय. ती माझ्याशेजारी उभी ऱ्हाऊन तिच्या घरच्या भाताचं सांगत ऱ्हायली, पोटरीला आलाय, गवे येत्यात म्हणून बा रानातच असतोय.

विमान आमच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या शेडीएवढंच हुतं, दोन्हीकडं पंखे. शिडीला सात-आठ पायऱ्या. मला एका अरुंद खुर्चीत घेतलं, छातीवरनं आणि मांडीवरनं पट्टे बांधले. दोन माणसांनी पुढनं-मागनं उचललं. त्यातला एक जण म्हणाला, “अज्जी, हात आत घ्या.” एवढंच. मी मागं बघितलं. पोरगी खाली उभी हुती, तिच्या मागं सपाट रान, त्येच्या मागं डोंगराची रेघ. मी एकेक पायरी वर चालले, आणि माझं मला काहीच करायचं नव्हतं.

खिडकीची जागा दिली. पंखे फिरले, आधी दिसत हुते मग दिसंना झाले. पळताना विमानाचा आवाज आमच्या शेडीसारखाच, सगळे माग एकदम सुरू केल्यावर फरशी हलती तसा. त्यो आवाज मला अंगाईसारखा. वर उठलं तवा खाली सांब्र्याची काळी रानं, मधनं कुटंतरी ऊस, तळ्याचं पाणी. वडगाव कुठलं ते मला कळलं न्हाय. सगळी घरं सारखीच कौलाची आणि पत्र्याची. आमच्या काचंच्या कौलावर ऊन चमकंल असं वाटलं, म्हणून बघत ऱ्हायले. चमकणारी कौलं लई हुती.

मग ढग आले, खालनं. ढगाकडं मी जमीन बघावी तशी बघत हुते, माझी सवय तीच. कुटल्याबी जमिनीवर पाट गेला की मी डोळे मिटून सांगते कुठली हाय. शहाबादी फरशीवर एक आवाज, शेणानं सारवलेल्यावर एक, डांबरावर हात झिणझिणत्यात, वाळूत चाकं रुततात. ढगावर कसा आवाज येईल? मला डुलकी लागली आणि त्यात मी ढगावरनं पाटावरनं चालले हुते. आवाज कसलाच न्हाय. ठोकळा टेकवला की हात आत जातोय, तरी पाट पुढं जातोय. कुणी ढकलत न्हाय. आजूबाजूला पायच न्हाईत कुणाचे, चपला न्हाईत, उंबरे न्हाईत. मला एकदम धाकटीची आठवण झाली, की तिला हाक मारावी. पर तिला हितं बोलवून काय उपयोग, ती उठून येणार कुटनं, असं स्वप्नातच मनात आलं आणि जाग आली. विमानात काम करणाऱ्या पोरीनं पाण्याचा ग्लास पुढं धरलेला.

जाग आल्यावर मी पहिल्यांदा नीट इचार केला. भाचा म्हणालता, तुझं ऐकंल. काय सांगणार हुते मी तिला? खुर्चीत बस म्हणून? मी सत्तर वर्सं खुर्ची नको म्हणत आले, ते तिलाच तर ठाऊक. माझंच बघून ती शिकलीया की खुर्ची म्हंजे संपलं. ती माझ्याकडं बघून म्हणंल, तू बसलीस का कधी? आज बसले, पर ती पाट पूजंत हाय म्हणून.

हैदराबादला सगळी उतरली, मग मला उतरवलं. परत खुर्ची, परत दुसरं कोणतरी मागनं. एवढी लांब फरशी मी कधी बघितली नव्हती. पाटावरनं गेले आसते तर खांदे निघाले आसते. खुर्चीतनं ती नुसती सरकत हुती, दिवे वरनं मागं मागं जात हुते. पाट सगळ्या सामानाच्या शेवटी आला. माळंतली निम्मी फुलं गळालेली, लिंबू हुतं.

भाचा दारात उभा हुता. त्येचे केस पिकलेत हे मला ठाऊक नव्हतं, फोनवर केस दिसत न्हाईत. पाया पडला आणि म्हणाला, “मावशी, आलीस.” मग बाहीनं डोळे पुसाय लागला. मी म्हटलं, “आता हितंच रडायलास तर घरी कोण नेणार?” मग त्यो हसला.

गाडीतनं घरी आलो. मोठी इमारत, खाली फरशीचं अंगण, वर लिफ्ट. भाच्यानं गाठोडं सोडलं आणि पाट खाली ठेवला. “घे मावशी. लिफ्ट हाय, पायऱ्या न्हाईत.”

“आज नवमी हाय.”

“ह्यो हैदराबाद हाय. कोण बघतंय?”

“मी बघते की.”

त्यो डोकं खाजवत उभा ऱ्हायला. मला उचलून न्यावं तर त्येची कंबर धरलेली, ते त्यो बोलला न्हाय, पर गाडीतनं उतरताना मला दिसलंतं. मग म्हणाला, “थांब, आईची खुर्ची आणतो. अशीबी पडूनच हाय.” आणि त्यो वर जाऊन तिची खुर्ची घेऊन आला. नवी करकरीत, पाठीवर प्लास्टिकचा कागद अजून तसाच. वॉचमनला हाताशी घेऊन त्यात मला बसवलं. हे मी ठरवून केलं असं आता भाचा सगळ्यास्नी सांगतोय. मी ठरवून काय केलं न्हाय. माझा पाट पूजंत हुता आणि मला वर जायचं हुतं.

तिच्या खोलीत पडदा ओढलेला. ती भिंतीकडं त्वांड करून पडलेली. केस बारीक कापलेले, मान पोरासोरासारखी दिसत हुती. मला आईची मान वाटली. भाचा म्हणाला, “आई, बघ कोण आलंय.” ती हलली न्हाय. त्येची बायको म्हणाली, “असंच आसतंय मावशी.” मी म्हटलं, “तुमी दोघं जावा जरा.”

दोघं गेली. मी खुर्ची पुढं घ्यायला बघितली. मला ती चालवायला येत नव्हती. चाकं हातानं फिरवायची कळलं, पर एकदा पलंगाला धडकले, एकदा कपाटाला. कपाट वाजलं.

“किती अवघड हाय गं ही,” मी म्हटलं. “ह्यापरास माझा पाट बरा.”

मी चाक जरा मागं घेतलं.

“विमानातनं आले. तुझ्यासाठी न्हाय, विमान बघायला. निपाणीला तुझ्या कधी आले न्हाय, तर हितं तरी बघावं म्हटलं. हितंबी तू भिंतच दावतीयास.”

परत फिरवली तर चाक तिच्या अंथरुणाच्या चादरीत अडकलं आणि चादर ओढली गेली. तवा ती हळूहळू, मान आधी, मग खांदा, अशी वळली. उजवीकडं त्वांड ओढलेलं. एक डोळा मोठा, एक बारीक. लई वेळ माझ्याकडं बघत ऱ्हायली. माझ्या त्वांडाकडं न्हाय. चाकाकडं, हाताच्या दांड्याकडं, आणि मग पुढं पट्टीवर एका शेजारी एक ठेवलेल्या माझ्या पायाकडं. तिनंबी ते तसे कधी बघितले नव्हते.

“पाट?” ती म्हणाली. शब्द जड, पिठात बुडवलेल्यागत.

“पूजंत हाय. आज नवमी.”

तिचा चांगला डोळा भरला. पर रडली न्हाय. डावा हात पुढं करून तिनं खुर्चीचा दांडा धरला आणि ओढला. अंगात केवढी ताकद तिच्या.

“ऊठ,” ती म्हणाली. “माझी.”

“मी कशी उठू? मला पाय हाईत का?”

“ऊठ, आक्का. माझी हाय.”

मी भाच्याला हाक मारली. त्येला काय झालंय ते कळायला जरा वेळ लागला. मग त्येनं आणि त्येच्या बायकोनं मला उचलून तिच्या पलंगावर ठेवलं आणि तिला उचलून खुर्चीत. ह्या वेळी तिनं अंग टाकलं न्हाय. मान लटपटत हुती, ती एका बाजूला कलली, पर डाव्या हातानं दांडा घट्ट धरून बसली. भाचा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. तिनं त्येला हातानंच बाजूला हो म्हटलं.

तिच्या अंथरुणात तिच्या अंगाची ऊब हुती, तितं मी आडवी झाले. दसऱ्याचं सोनं हुईस्तोवर मला आता कुटंच जायचं नव्हतं. पडद्यातनं ऊन येत हुतं, डोळे मिटत हुते. ती एका हातानं चाक ढकलायला लागली. एका हातानं ढकललं की खुर्ची सरळ जात न्हाय, गोल फिरती.

“दुसऱ्या बाजूचं चाक कुणीतरी धरलं पायजे,” मी म्हटलं. “न्हायतर डाव्या पायानं जमीन रेट.”

“गप पड,” ती म्हणाली.

मी गप पडले. ती परत ढकलू लागली. तिचं त्वांड खिडकीकडं जायचं, कपाटाकडं जायचं, भिंतीकडं जायचं, आणि माझ्याकडं यायचं. आलं की ती जरा थांबायची, बघायची आणि परत चाकाला हात घालायची.